मेहकच्या नकारावरची माझी सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ, आदरणीय गणपतराव इंगवले साहेब; प्राचार्य डॉ. कृष्णात चौगले सर; प्रमुख पाहुणे म्हणून पुण्याहून मुद्दाम वेळ काढून आलेले, याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी श्री. सम्राट डवर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातली आणि ग्रंथालयातली मंडळी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागं भिंतीला टेकून उभे असलेले विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे घरचे. आपणा सर्वांना संयोगिता मगदूमचा नमस्कार.

तास होत आला, आपण माझ्याविषयी चांगलं बोलताय. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्राचं वाचन झालं. एकतीस वर्षं मी इथं संख्याशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं प्लेसमेंट सेलचं काम पाहिलं, म्हणजे कंपन्यांना बोलवायचं, मुलाखती घडवून आणायच्या, मुलांना नोकरीच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. मानपत्रात एक वाक्य आहे, की मगदूम मॅडम प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठीशी आईच्या मायेनं उभ्या राहिल्या. ते वाचलं जात असताना मी खाली मान घालून बसले होते. आपल्याला वाटलं असेल, संकोच वाटतोय. संकोच नव्हता. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं या व्यासपीठावरच्या निदान तिघांना ठाऊक आहे.

प्राचार्य सर, घड्याळ बघू नका. मी वेळेत संपवते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत डवर साहेबांची कंपनी पहिल्यांदा आपल्याकडं आली. ज्यांना या कंपनीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखान्यांतल्या कामगारांची निवृत्तीची पुंजी असते, ती कुठल्या योजनेत गुंतवावी, कुठल्या योजनेतून काढावी, याचा सल्ला ही कंपनी देते. त्यासाठी आकडे तपासणारी माणसं लागतात. त्यांना अॅनालिस्ट म्हणतात. कोल्हापुरात तोवर अशा जागेसाठी कुणी मुलाखती घेतल्या नव्हत्या. शिरोलीच्या फाउंड्रीत, बँकेत, फार तर विमा कंपनीत आमची मुलं जायची. त्यामुळं ही कंपनी येणार म्हटल्यावर आम्ही सगळेच हरखलो. आणि येणारा साहेब कोण, तर माझाच विद्यार्थी. राधानगरीकडच्या खेड्यातून आलेला, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा सम्राट. माझ्या अभिमानाला त्या दिवशी सीमा नव्हती, हेही मला इथं सांगितलं पाहिजे.

लेखी परीक्षेला बेचाळीस मुलं बसली. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळवून एक मुलगी पहिली आली. दुसरा आला त्याला अठ्ठ्याहत्तर होते. त्या मुलीचं नाव मेहक शिकलगार. गडहिंग्लजची. वडील शमशुद्दीनभाई बाजारपेठेत कोयते, कात्र्या, अडकित्ते यांना धार लावतात. एम.एस्सी. होईपर्यंत पाच वर्षं ती आपल्या वसतिगृहात राहिली. पाच वर्षांत तिनं मला इतके प्रश्न विचारले, की तिच्या वर्गावर जायच्या आधी मी घरी वाचून जायची. शिक्षकाला एवढी भीती वाटायला लावणारा विद्यार्थी फार क्वचित भेटतो.

सहाजणांना मुलाखतीला बोलावलं. जागा दोन. आपल्या कराराप्रमाणं मुलाखतीच्या खोलीत महाविद्यालयाचा एक प्रतिनिधी बसतो. त्यानं बोलायचं नसतं, फक्त बसायचं असतं. मी बसले. समोर डवर साहेब आणि त्यांच्या एचआरच्या एक बाई. मेहक आत आली. सुरुवातीचे प्रश्न इंग्रजीत झाले, तिनं नीट उत्तरं दिली. मग साहेबांनी तिच्यापुढं एक तक्ता ठेवला. गुंतवणुकीच्या वीस योजना आणि त्यांची दहा वर्षांची कामगिरी. विचारलं, यातल्या कुठल्या तीन योजना तू कामगारांच्या ट्रस्टला सुचवशील?

ती तक्त्याकडं बघत राहिली. मिनिटभर झालं असेल. मग ती मराठीवर आली. गणित डोक्यात चढलं की ती नेहमीच मराठीवर येते, आणि ती मराठी गडहिंग्लजची असते. म्हणाली, "सर, ह्यात बंद पडलेल्या योजना कुठं हाईत?"

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे दहा वर्षांत ज्या बुडाल्या, बंद झाल्या, त्या ह्यात न्हाईत. जगल्या तेवढ्याच धरल्यात. नापास झालेली पोरं काढून टाकून वर्गाची सरासरी काढल्यागत झालंय की हे. ह्यावरनं कामगारांना सल्ला दिला तर ती फसवणूक व्हईल, सर."

तो तक्ता सकाळपासून मीही बघत होते. तेव्हा अठ्ठावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत आलेली मी, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं, आता साहेब उठून या मुलीशी हात मिळवतील.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "हा तक्ता आमच्या कंपनीचा आहे. आमचे क्लायंट तो वापरतात." मग एचआरच्या बाईंनी विचारलं, "पुण्याला घरचे पाठवतील तुला? तुमच्याकडं चालतं का ते? लग्नाचं काय?" मेहक म्हणाली, "घरच्यांनीच अर्ज भरायला लावलाय, मॅडम." त्यावर बाई हसल्या. त्या दिवशी सहा मुलाखती झाल्या. त्यांत आणखी दोन मुली होत्या. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. 'तुमच्याकडं' या शब्दाचा अर्थ मला तिथं बसल्या बसल्या कळला होता. सभागृहालाही कळला असेल. मी काय केलं? माझ्या वहीत डोकं घातलं.

दुपारी जेवताना साहेबांनी मला यादी दाखवली. मेहकचं नाव नव्हतं. मी म्हटलं, "सम्राट, ती पहिली आली आहे." तर ते काय म्हणाले, ते मी शब्दाला शब्द सांगते. म्हणाले, "मॅडम, हुशार आहे, नाही कोण म्हणतंय. पण क्लायंटसमोर ही 'न्हाय-हाय' करणार. लोक हसतात. मला विचारा. हे सगळं घालवायला मला आठ वर्षं लागली. आणि तुम्हीच ना मला मुंबईच्या मुलाखतीला जाताना सांगितलं होतं, तोंड उघडायच्या आधी भाषा धुऊन घे म्हणून?"

सांगितलं होतं. हे खरं आहे. बावीस वर्षांपूर्वी विभागाच्या दारात उभं राहून मीच सांगितलं होतं, आणि आपण एका खेड्यातल्या पोराचं भलं करतोय असं मला वाटत होतं. डवर साहेब, आपल्यावर मी रागावले आहे, पण तो राग सगळा आपल्या एकट्याच्या वाट्याचा नाही. आपण पाणी घ्या. माझं अजून थोडं आहे.

प्रत्येक उमेदवाराचा एक फॉर्म असतो. मेहकच्या फॉर्मवर शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'ग्राहकासमोर उभी करण्याजोगी नाही.' अक्षर मी ओळखलं. त्या अक्षरातले पेपर मी तपासलेत. तळाशी छापील ओळ होती, 'महाविद्यालय प्रतिनिधी सहमत', आणि त्यापुढं मोकळी जागा. कंपनी पहिल्यांदाच आली होती. अध्यक्ष साहेबांनी मला सकाळीच बजावलं होतं की ही कंपनी हातची जाता कामा नये. आणि खोटं कशाला सांगू, मलाही ती जाऊ द्यायची नव्हती. माझ्याच विद्यार्थ्याशी मला वाद घालायचा नव्हता. मी सही केली.

संध्याकाळी मेहक व्हरांड्यात भेटली. यादी तिनं वाचली होती. रडली वगैरे नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, ते तक्त्याचं माझं चुकलं का?"

मी म्हटलं, "चुकलं नाही गं. पण नुसतं बरोबर असून भागत नाही. चूक दिसली तरी सगळ्यांसमोर दाखवू नये. जरा गोड बोलायला शीक. आणि ते 'हाय-न्हाय' सोड आता."

ती म्हणाली, "व्हय, मॅडम." मग थांबली. आणि म्हणाली, "हो, मॅडम."

तेवढं बोलून ती गेली. त्या वर्षी तिनं दुसरीकडं कुठंच अर्ज केला नाही. परीक्षेत विद्यापीठात दुसरी आली, निकाल घ्यायलासुद्धा आली नाही.

आता पृथ्वीराजविषयी. पृथ्वीराज सावरे इथं हजर आहे, डाव्या बाजूला, खिडकीपाशी. निवडलेल्या दोघांतला एक तो. त्याचं नाव घेऊ का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, घ्या. पुढच्या वर्षी जानेवारीत त्याचा मला पुण्याहून फोन आला. म्हणाला, "मॅडम, आज हापिसात मोठा कार्यक्रम झाला. कंपनीनं नवी पद्धत काढली म्हणून." पद्धत काय होती? दहा वर्षांतल्या बंद पडलेल्या योजना शोधून तक्त्यात घालायच्या. त्या घातल्यावर तक्त्यातला सरासरी परतावा जवळजवळ निम्म्यावर आला. टाळ्या झाल्या. एका परिषदेत हीच पद्धत डवर साहेबांच्या नावानं मांडायचं ठरलं.

कार्यक्रमानंतर परिषदेची आखणी करायला बैठक बसली, तिथं पृथ्वीराज उभा राहिला. म्हणाला, "सर, हे आमच्या मेहकनं मुलाखतीत सांगितलं होतं."

साहेबांनी विचारलं, "कोण मेहक?"

डवर साहेब, आपण मान हलवू नका. तेव्हा त्या खोलीत अकरा माणसं होती.

त्याला हे कसं माहीत, असा प्रश्न पडला असेल. त्यानं मला तेही सांगितलं. मेहक मुलाखत देऊन बाहेर आली तेव्हा बाकीची मुलं बाकावर नंबरची वाट बघत बसली होती. तिनं त्यांना सांगितलं, "आत एक तक्ता देतील. बंद पडलेल्या योजना त्यात न्हाईत. बघा, सांगा तेन्ला." स्वतःच्या स्पर्धकांना सांगितलं. पृथ्वीराज फोनवर म्हणाला, "मला ठाऊक होतं, मॅडम. तरी आत गेल्यावर मी काय बोललो न्हाई. म्हणून माझी निवड झाली." गेल्या डिसेंबरात त्यानं ती नोकरी सोडली. आता शिरोलीत एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आहे. त्याच्या घरच्यांना अजून ते पटलेलं नाही. पृथ्वीराज, एका बैठकीत एकट्यानं उभं राहायला काय लागतं ते मला माहीत आहे, कारण ते मला जमलं नव्हतं.

त्या फोननंतर मी गडहिंग्लजला गेले. ऊसतोडीचा हंगाम होता. शमशुद्दीनभाईंच्या दुकानापुढं कोयत्यांचा ढीग पडला होता. त्यांनी चाक थांबवलं, मला खुर्ची दिली. मेहकची आई, शमशादभाभी, चहा घेऊन आल्या. मेहक आतल्या खोलीत दहावीच्या चार पोरींना गणित शिकवत होती. मी सगळं सांगितलं. तक्ता, शेरा, पुण्यातला तो कार्यक्रम. माझ्या सहीचंही सांगितलं.

शमशुद्दीनभाईंनी ढिगातला एक कोयता उचलला, अंगठ्यानं धार बघितली. मग म्हणाले, "मॅडम, पोरगीनं काय चूक केली तेवढं सांगा. चूक आसंल तर सुधारता येती. चूकच नसंल तर तिनं काय सुधारायचं?"

अध्यक्ष महाराज, एकतीस वर्षांत हजारो प्रश्नपत्रिका काढल्या मी. एवढा साधा प्रश्न मला सोडवता आला नाही.

आणि मेहक. मला वाटलं होतं ती कंपनीवर चिडेल, डवरांना शिव्या घालेल. मी तिच्या जागी असते तर घातल्या असत्या. ती शांतपणे म्हणाली, "मला तेंचा राग न्हाय आला, मॅडम. ते परके. तुमी तिथं बसला हुता."

परत आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. 'आमची निवड प्रक्रिया गोपनीय आहे. आपल्या विद्यार्थिनीस पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.' दुसरं पत्र मी संस्थेला लिहिलं. अध्यक्ष साहेबांनी मला बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "मगदूम मॅडम, थोडी वर्षं राहिलीत तुमची. शांततेत काढा की." साहेब, आपण ते आपुलकीनं म्हणालात हे मला मान्य आहे. मी ती शांततेत काढली. कंपनी दरवर्षी येत राहिली, मी दरवर्षी त्या खोलीत बसत राहिले, सह्या करत राहिले. हे आपल्यापैकी कुणालाच विचित्र वाटलं नाही. मला घरी जाऊन जेवण जायचं नाही, पण सकाळी मी पुन्हा साडी नेसून हजर.

मेहकचं पुढं काय झालं ते सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय आपण कुणी इथून उठू नये. तिनं दोन वर्षं शिकवण्या केल्या आणि रोज अभ्यास केला. गेल्या ऑक्टोबरात बंगळूरच्या एका कंपनीत, याच प्रकारच्या कामासाठी, तिची निवड झाली. चार फेऱ्या झाल्या, सगळ्या तिनं गडहिंग्लजमधून, आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून दिल्या. मधेच बाहेर चाक सुरू झालं की आवाज यायचा. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, हा आवाज कसला? ती म्हणाली, "माझे वडील काम करतायत. थांबवायला सांगू का?" तो म्हणाला, नको, चालू दे. अर्ज करताना मी तिला विचारलं होतं, शिफारसपत्र देऊ का? ती म्हणाली, "नको, मॅडम." तिच्या त्या नोकरीत माझा वाटा शून्य आहे. प्राचार्य सरांचा शून्य आहे. संस्थेचा शून्य आहे.

आणि तरीही गेल्या आठवड्यात आपल्या फाटकावर दहा फुटी फलक लागला. 'आमच्या प्लेसमेंट सेलचे घवघवीत यश.' वर अध्यक्ष साहेबांचा फोटो, त्याखाली प्राचार्यांचा, मग माझा, आणि कोपऱ्यात ओळखपत्रावरून काढलेला मेहकचा. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? कुणाला एकदाही वाटलं नाही, की त्या मुलीला विचारावं? बाजूला 'ग्राहकासमोर उभी करण्याजोगी नाही' हेही छापायचं होतं. शेरा आपल्याच कपाटात आहे, झेरॉक्स मी दिली असती.

मेहकचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, कुणीतरी अब्बांना मोबाइलवर दाखवलं. ते बघून चाक बंद करून बसलेत. माझा फोटो तेवढा काढायला सांगा." मी चार दिवस कार्यालयात सांगत होते. आज सकाळी साडेसातला मी स्वतः तो फलक उतरवला. शिडी आपले शिपाई आकारामभाऊ यांनी धरली. दोऱ्या मी कापल्या. याबद्दल कुणी आकारामभाऊंना जाब विचारू नये. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "बाई, दमानं. पडशीला." साठीला आलेल्या बाईला शिडीवर चढताना बघून दुसरं कोण काय म्हणणार.

एक शेवटचं. आज चहापानानंतर डवर साहेबांच्या कंपनीशी आपल्या कराराचं नूतनीकरण आहे, पत्रिकेत छापलंय. त्यावर प्लेसमेंट सेलच्या प्रमुखाची सही लागते. मी आज संध्याकाळी साडेपाचपर्यंत प्रमुख आहे. कागद सकाळपासून माझ्या टेबलावर आहे. मी त्यावर सही केलेली नाही आणि करणार नाही. समासात पेनानं दोन मागण्या लिहिल्या आहेत. नाकारलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कारण लेखी मिळावं, आणि खोलीत बसणाऱ्या शिक्षकाला आक्षेप नोंदवायचा हक्क असावा. उद्या त्या खुर्चीत जे बसतील त्यांनी त्या मागण्या खोडून सही करायची की नाही, ते त्यांनी बघावं. खोडायच्या असतील तर पेन मी तिथंच ठेवून जाते आहे.

डवर साहेब, आपण मघाशी आपल्या भाषणात म्हणालात की मी जो काही आहे तो मगदूम मॅडममुळं. आपण मनापासून म्हणालात, म्हणून ते मला इतकं लागलं. मी आपल्याला आकडे शिकवले, त्याबरोबर आपल्या आईच्या बोलीची लाजही शिकवली. ती शिकवण मी आज सर्वांसमक्ष परत घेते. आपण परत द्यायची की नाही, हे आपल्याकडं. पण ती कल्पना एका मुलीची होती, हे त्याच परिषदेला आणि त्याच अकरा माणसांना लिहून कळवणं आपल्या हातात आहे. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

आता आभार. संस्थेनं मला पोटापाण्याचं काम दिलं, त्याबद्दल आभार. माझ्या सहकाऱ्यांनी माझा फटकळपणा सोसला, त्यांचे आभार. घरच्यांनी माझी गेल्या तीन वर्षांची चिडचिड सोसली, त्यांचे तर सगळ्यांत जास्त. विद्यार्थ्यांनो, तुम्ही उभ्यानं ऐकलंत.

अध्यक्ष महाराज, वेळ जास्त घेतला, पाहुण्यांचा मान राखला नाही, निरोपाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोलले. या चुका आपण मोठ्या मनानं पोटात घालाव्यात. त्या खोलीत जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, ती चूक मात्र या सभागृहात कुणाला माफ करता येण्यासारखी नाही. तो अधिकार मेहकचा. परवा फोनवर मी तिच्याकडं माफी मागितली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघू, मॅडम."

एवढंच उत्तर घेऊन मी निवृत्त होते आहे. धन्यवाद.